भुरीचा उजवा कान

गुरुवार, २२ जानेवारी २०२६

खिडकीची जागा भेटली! सुरतेपर्यंत उभाच होतो. आता बसून लिहून राह्यलो. अक्षर हालतंय ते गाडीमुळं. एरवी पण काय लई सुंदर न्हाई माझं, सातवीत वही सुटली ती सुटलीच.

तीन दिवस लागून सुट्टी. शनिवार, रविवार आणि सोमवारी झेंडा. मोरबीत टाइलची भट्टी कधी बंद होत न्हाई, पण राधेश्याम ठेकेदारानं आपणहून सोडलं. त्याचंच काम हाय माझ्याकडं. मस्कतला टाइलच्या कारखान्यात दोन वर्षं माणसं पाहिजेत. म्हणाला, घरच्यांना भेटून घे, सोमवारी संध्याकाळपर्यंत हो का ना ते सांग, मग दोन वर्षं कोणाचं तोंड दिसायचं न्हाई. पासपोर्ट त्याच्याकडंच हाय.

जायला काय झालं? काहीच न्हाई. मागच्या साली विचारलं असतं तर तोंडावर ना म्हणलो असतो. तवा माझ्या मेंढ्या होत्या. दोन-तीन वर्षं भट्टीपुढं भाजून घ्यायचं, आणि मंग गावाला, केदारखेड्याला, आपल्या मेंढरामागं — असं बराबर ठरलेलं होतं डोक्यात. ऑगस्टमध्ये आबांचा फोन आला. रोग आला म्हणले. तीन दिवसांत चौदाच्या चौदा गेल्या. भुरी पण.

माझं जावळ काढलं तवा मामानं मांडीवर मेंढीचं पिल्लू ठेवलं. आमच्यात तसंच असतं. त्या मेंढीची पोरं, पोरींची पोरं, सगळी माझ्या नावानं. कोकरू झालं की आबा त्याच्या उजव्या कानाला खालून अर्धचंद्र कापतात, राख-हळद लावतात, आणि कापलेला इवलासा तुकडा काळ्या लोकरीच्या दोऱ्यात ओवतात. ही माझी माळ. मेंढरू मेलं का विकलं की एक तुकडा काढून पाण्यात सोडायचा. माळेत जेवढे तुकडे तेवढी माझी मेंढरं. ह्यात आमच्याकडं कोणी चूक करत न्हाई. घरातल्या मधल्या खांबाला अडकवलेली असायची. मी मोरबीला निघालो तवा चौदा तुकडे. मोजून निघाल्तो.

माय फोनवर म्हणली, माळ पण पुरली त्यांच्यासंगं.

त्या दिवशी भट्टीतून येणाऱ्या टाइल उचलत होतो. किती फुटल्या कोणाला माहीत.

घरी कळवलं न्हाई. आधी वर्षाताईकडं जातो. लग्नानंतर ते अंबडलाच होते, आता दाजीला कारखान्याच्या मागं, अंकुशनगरला खोली भेटलीय. तो भाग मी पाहिलाच न्हाई. अचानक दारात उभा राहणार!


शुक्रवार, २३ जानेवारी

जालना. मग अंबडची एसटी. मग एका उसाच्या ट्रॅक्टरवर, चालकाच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर बसून. थंडीनं कान गेले.

वर्षाताई दारात तांदूळ निवडत होती. "अगं बया! परम्या!" — एवढंच म्हणली, आणि ताट हातात तसंच. मला वाटलं पळत येईल. आलीच न्हाई. चेहरा पडला तिचा. मंग हसली. पण आधी पडला होता. मी पाहिलं.

"फोन न्हाई करायचा का रे? अचानक कसा?"

"सोमवारी झेंडा हाय म्हणून."

"किती दिवस हायस?"

आल्या आल्या हे विचारतात का?


शनिवार, २४ जानेवारी

आजचा दिवस झकास!

दाजीनं मला गाडीवर बसवून सगळं दाखवलं. दाजी म्हणजे सोमेश्वर, कारखान्यात उसाच्या गव्हाणीवर काम करतो. ताडाएवढा लांब माणूस, आवाज त्याहून लांब. जिथं जाईल तिथं मला ओळख करून देतो — "हे आमचे मेव्हणे, फॉरेनला चाललेत!" मी अजून हो म्हणलो न्हाई, पण दाजीला कोण सांगणार.

सगळीकडं उसाच्या गाड्या. बैलगाड्यांची रांग तर संपतच न्हाई. मळीचा वास नाकात बसलाय, जेवताना पण. दाजी म्हणला, "आठ दिवस ऱ्हा, मंग वास येणं बंद होतंय. मला तर आता कुठल्याच गोष्टीचा वास येत न्हाई, तुझ्या बहिणीची आमटी करपली तरी."

"ऐकू येतंय मला," ताई आतून.

कालवा पाहिला. शहागडला गोदावरी पाहिली, पुलावर उभं राहून शेंगा खाल्ल्या. आमच्या भोकरदनकडं एवढं पाणी एका जागी कधी दिसायचं? दुपारी अंबडला मत्स्योदरी देवीला गेलो. पायऱ्यांवर बसून दाजी बाईकचा हप्ता, गव्हाणीवरचा मुकादम, सासुरवाडी — सगळ्यांना शिव्या देत होता. सासुरवाडी म्हणजे आम्हीच! मी लई हसलो. किती महिन्यांनी असा हसलो काय माहीत. मोरबीत हसलं की तोंडात पांढरी धूळ जाते.

एका जागी बसवत न्हाई मला. माय म्हणायची, ह्याच्या तळपायाला भोवरा हाय. आज त्या भोवऱ्याला पण बरं वाटलं.

घरी आल्यावर दाजी म्हणला, उद्या हुरडा. कालव्याच्या पल्याड त्याच्या दोस्ताचं, धर्मराजचं शेत हाय.

ताई पटकन म्हणली, "तिकडं कशाला? लई धूळ हाय. घरीच आणा की हुरडा."

"घरी कुठं आगटी पेटवू, तुझ्या शेगडीवर?"

"मंग दुसऱ्या कोणाचं शेत न्हाई का?"

दाजी तिच्याकडं बघत राहिला. मंग काहीतरी आठवल्यासारखा गप्प झाला. दाजी गप्प! मी मनात म्हणलं, नवरा-बायकोचं काहीतरी असेल.

झोपताना ताई म्हणली, संक्रांतीला आबा आल्ते. दोन दिवस राहिले. मी म्हणलो, आबा? घर सोडून? कशाला? "असंच. तीळगूळ घेऊन." आबा अंगणवाडीच्या पलीकडं जायचं म्हणलं तरी मेंढरं कोण बघणार म्हणायचे. आता मेंढरंच न्हाईत, जात असतील फिरायला.

मस्कतला गेलो तर ही वही न्यायची. चौथं वर्ष चालूय तिला.


रविवार, २५ जानेवारी, दुपार

लिहिल्याशिवाय थांबणार न्हाई.

सकाळीच हट्टानं मी दाजीला घेऊन धर्मराजच्या शेतात गेलो. ताई आलीच न्हाई, डोकं दुखतंय म्हणली. गोवऱ्यांची आगटी पेटवली, कणसं भाजली, धर्मराज हातावर चोळून हुरडा पुढं टाकत होता. तिळाची चटणी, दही, गूळ. मी लई खाल्लं. तेवढ्यात बांधाच्या पलीकडून आवाज आला. मेंढरांचा. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवली होती, लेंडीखतासाठी. शंभर-सव्वाशे असतील.

मेंढरं दिसली की मी उठतोच. ऑगस्टपासून तर जास्तच. म्हणलं, जरा बघून येतो.

दाजी म्हणला, "बस रे, हुरडा गार होईल."

"दोन मिनिटं."

"परमेश्वर, बस म्हणतो ना!"

दाजी मला कधीच परमेश्वर म्हणत न्हाई. तरी पण मला कळलं न्हाई. मी बांध ओलांडला.

पहिलीच मेंढी. उजवा कान. खालून अर्धचंद्र.

म्हणलं, असेल कोणाची तरी अशीच खूण. दुसरी. तिसरी. मंग मी पळतच सुटलो मेंढरात. तीच वळणं. आबांच्या सुरीची वळणं, टोकाला जरा वर जाणारी, मला काय कळत न्हाई का?

जीभ टाळूला लावून तीनदा टकटक केलं. आणि म्हणलं — "भुरेऽ"

कळपाच्या पार त्या टोकाहून एका मेंढीनं मान वर केली. आणि चालत आली. सगळ्यांच्या मधून. बराबर माझ्याकडं.

भुरीची माय गेली तवा मी तिला बाटलीनं पाजली होती. गुडघ्याला डोकं घासायची सवय. आली, आणि घासलं. डावा गुडघा. नेहमी डावाच.

मेली होती ना? चौदाच्या चौदा? माळ पण पुरली होती ना?

एक म्हातारा काठी टेकत आला. डोक्याला लाल पटका. मला बघून थांबला. "तू त्रिंबकचा का?" म्हणला. आबांचं नाव! मी म्हणलं, तुम्ही कोण? म्हणला, "पुंजाराम. तुझ्या बापाचा न माझा लहानपणापासूनचा संग. नाक बापाचंच हाय तुझं."

"ह्या मेंढ्या कोणाच्या?"

"सध्या माझ्याच कळपात हैत."

"तुम्ही घेतल्या?"

"तुझ्या बापाला इचार बाबा. मला बोलायचा हुकूम न्हाई."

"विकल्या का न्हाई, एवढं सांगा!"

म्हातारा खाली बसला. तंबाखू काढली. "आलायस तर बस. पाणी पी. जाळीत बारकी कोकरं हैत, ती तरी बघून जा. भुरीचं पण हाय एक. बघ तर खरं."

मला कोकरं बघायची होती? त्याची कोकरं? माझ्या भुरीचं पिल्लू त्याच्या जाळीत — ते बघू? मी म्हणलं, तुमची तुम्हाला लखलाभ! आणि निघालो. भुरी मागं मागं बांधापर्यंत आली. म्हाताऱ्यानं मागून हाक मारली, "अरे, कोकरं तरी —" मी वळलो न्हाई.

दाजी आगटीपाशी मान खाली घालून बसला होता. म्हणजे दाजीला पण माहीत. ताईला माहीत. धर्मराजला माहीत. परक्या म्हाताऱ्याला माहीत! एकट्या मला न्हाई.


रविवार, संध्याकाळ

ताईला विचारलं. भाकरी थापत होती. मागं बघितलं न्हाई.

"कधी दिल्या?"

"पंधरा ऑगस्टच्या आधी."

"का?"

"तीन ठिकाणाहून पाहुणे येऊन गेले तुझ्यासाठी. दारात मेंढरं बघितली की चहा पिऊन जातात, परत फोन न्हाई. पोरगा बाहेर हाय, चांगलंय, पण परत येऊन मेंढरामागंच फिरणार ना? आमची पोरगी रानोमाळ न्हाई हिंडणार. — असं तोंडावर बोलले आबांच्या. एकीची आई तर नाकाला पदर लावून बसली होती."

"मंग मला सांगायचं! मेल्या म्हणून कशाला सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, परम्या. गावात पण आबांनी मेल्या म्हणूनच सांगितलंय."

"मी आठ दिवस जेवलो न्हाई ताई. तू फोनवर माझ्यासंगं रडली होतीस."

भाकरी तव्यावर करपली. ती उलटत न्हाई. म्हणली, "मला शपथ हाय आबांची. माझ्याकडून काही वदवून घेऊ नको."

"वदवायचं काय राहिलंय आता? विकल्या ना?"

तिनं पिठाचा दुसरा गोळा घेतला.

"विकल्या का न्हाई?"

"जेव आधी."

सगळ्यांना मला जेवूच घालायचंय!

मंग आबांना फोन लावला. म्हणलं, "आबा, भुरी मेली म्हणले होते ना तुम्ही?"

मागं मायचा आवाज — कोण हाय, कोण हाय?

"कोणी सांगितलं?" आबा म्हणले.

"भुरीनंच."

मी वाट बघत होतो. चूक झाली म्हणतील, का ओरडतील, काहीतरी. आबा म्हणले, "जेवला का?"

मी फोन कापला.

मला एकदा तरी विचारायला पाहिजे होतं. माझ्या जावळाची होती ती. माणूस लांब गेला की त्याचं मेलं, त्याचं विकलं — काहीही सांगावं! मी तिकडं ज्या गोष्टीसाठी भट्टीपुढं उभा, तीच इकडं काढून टाकली. बायको मिळावी म्हणून. मी मागितली होती का?


सोमवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडा. पोरं ओळीनं गेली. कारखान्याच्या भोंग्यात राष्ट्रगीत नीट ऐकू आलं न्हाई.

राधेश्यामला हो म्हणलो. लगेच! संध्याकाळची पण वाट बघितली न्हाई. तो खूश. उद्याच निघ म्हणला.

दाजीनं विचारलं, रागात तर करत न्हाईस ना? मी म्हणलं, तुम्ही बोलू नका. बिलकुल बोलू नका. मला अंबडच्या पायऱ्यांवर बसवून हसवत होता, आणि पोटात हे होतं तुमच्या.

दाजी म्हणला, "बराबर हाय तुझं." आणि गव्हाणीवर गेला.

ताई दुपारी तासभर कुठं गेल्ती. चपलांना उसाच्या रानातली काळी माती लागून आली.


मंगळवार, २७ जानेवारी, सकाळ

अंबडच्या एसटीपर्यंत ताई आली. गाडी हालली तवा खिडकीतून एक फडकं आत कोंबलं. भाकरी असेल. म्हणली, "मनमाडच्या आधी सोडायचं न्हाई. तुला माझी शपथ."

मी म्हणलं, शपथा लई झाल्यात तुमच्या घरात.

ती गाडीसंगं पळत आली थोडी. म्हणली, "मी तोंडानं काही सांगितलं न्हाई, एवढं ध्यानात ठेव." म्हणजे काय? जाताना पण कोडं.

आता जालना स्टेशनात बसलोय. फडकं पिशवीत. उघडलं न्हाई. भूक पण न्हाई.


मंगळवार, दुपार. मनमाड

भाकरी न्हाई.

माळ हाय. माझी. काळी लोकर, मायची गाठ.

तीनदा मोजली. एकोणीस. मी गेलो तवा चौदा होते. एकही तुकडा काढलेला न्हाई, वर पाच नवे. शेवटचे दोन अजून पुरते वाळले न्हाईत. हळद बोटाला लागली. संक्रांतीला आबा तीळगूळ घेऊन आल्ते म्हणे! सुरी घेऊन आल्ते. माझी कोकरं होती जाळीत, आणि मी वळून बघितलं न्हाई.

खोटं बोलले ते बोललेच. ते मी सोडणार न्हाई, तोंडावर भांडणार.

राधेश्यामचे चार फोन येऊन गेले. सुरतेची गाडी समोर लागलीय. मी बसलो न्हाई. पलीकडच्या फलाटावर जालन्याकडं जाणारी उभी हाय.

आबांना फोन लावला.

"जेवला का?"

"न्हाई अजून. येऊन राह्यलो."